गावाच्या इतिहासाचं पुस्तक: साधनांपासून वाटपापर्यंत, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावाचा, घराण्याचा किंवा परिसराचा इतिहास स्वतःच्या हिमतीवर छापणाऱ्यांकडून हे प्रश्न सतत येतात. सुरुवातीचे प्रश्न साधे आहेत, पुढचे अडचणीचे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा न सांगता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. कायद्याचे मुद्दे भारतापुरते आहेत.

१. सुरुवात कुठून करावी? आधी कागद शोधावेत की आधी लिहायला बसावं?

आधी गावातल्या वयस्कर माणसांकडे जावं. दफ्तरातले कागद आणखी काही वर्षं टिकतील, पण नव्वदीतल्या आजींच्या आठवणी आत्ताच टिपायला हव्यात. त्यानंतर घरोघरची दफ्तरं, मग देवस्थान आणि शाळा, आणि शेवटी सरकारी कचेऱ्या.

पहिल्या दिवसापासून एक साधनवही ठेवा. पाच रकाने पुरतात: माहिती काय, कोणाकडून मिळाली, मूळ कागद कोणाकडे आहे, फोटोचा क्रमांक, आणि खात्री किती. ही वही नसली की लिहिताना ‘पाटलांच्या घरातला कागद’ एवढंच आठवतं आणि गावात पाटलांची आठ घरं असतात.

व्याप्ती आधीच आखून घ्या. ‘प्राचीन काळापासून आजपर्यंत’ असं म्हटलं की पहिली साठ पानं सातवाहनांपासून पेशव्यांपर्यंतच्या पाठ्यपुस्तकी इतिहासात जातात आणि गाव उगवतं एकसष्टाव्या पानावर. वाचकाला ती साठ पानं इतरत्र मिळतात. तुमच्या गावची पाणंद, बारव, बाजाराचा वार आणि वेशीवरचा वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड) मात्र दुसरीकडे कुठंच मिळणार नाही.

२. घरात जुने कागद नाहीत. साधनं कुठं मिळतील?

गावातच बरंच असतं. तलाठी आणि भूमी अभिलेख कार्यालयात जुने फेरफार आणि गावनकाशा मिळतो. शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलांच्या नोंदी असतात. विदर्भात कोतवाल बुकात जन्म-मृत्यूच्या नोंदी सापडतात. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या निमित्ताने अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर अशा जुन्या पानांचे स्कॅन चढवले गेले आहेत. तुमचं गाव त्यात आहे का, ते आधी बघा.

गावाबाहेर पडल्यावर पहिलं ठिकाण जिल्हा गॅझेटिअर. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याचे खंड १८७७ ते १९०४ या काळात निघाले: रत्नागिरी-सावंतवाडी १८८०, अहमदनगर १८८४, पुणे आणि सातारा १८८५. त्यांतली माहिती बरीचशी मामलेदार आणि इतर स्थानिक अधिकाऱ्यांनी पाठवलेल्या अहवालांवरून आली आहे. म्हणून लोकसंख्या, बाजार, पूल, देवळं यांसाठी ती उपयोगी, पण जातींबद्दलचे शेरे जसेच्या तसे उचलू नका. ते त्या काळच्या राज्यकर्त्यांच्या नजरेतले आहेत.

मग पुराभिलेख संचालनालय. मुख्यालय मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत, आणि पुणे, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथं पुरालेखागारं आहेत. पेशवे दफ्तर पुण्यात आहे. जाताना गावाचं आजचं तालुक्याचं नाव सांगून भागत नाही. जुनी तर्फ, परगणा आणि प्रांत हे त्या काळचे विभाग माहीत हवेत, कारण रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) त्याप्रमाणे लावलेले असतात. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे तिथले कागद उर्दू-फारसीत असतात आणि काहींसाठी हैदराबाद गाठावं लागतं. गोव्यासाठी पणजीचं पुरालेखागार. त्याची मुळं १५९५ पर्यंत जातात आणि पोर्तुगीजबरोबर मोडी मराठी कागदही तिथं आहेत.

३. कागद मोडीत आहेत. ‘साधारण अर्थ’ कोणी सांगितला तर चालेल का?

चालणार नाही. सारांश नको, ओळीला ओळ लिप्यंतर (तोच मजकूर देवनागरी अक्षरांत) मागा. मोडीत शिरोरेघ आधी ओढून त्याखाली सलग लिहीत जातात, शब्द तोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. त्यामुळे शब्द कुठं तोडायचा हाच वाचणाऱ्याचा निर्णय असतो, आणि चुकीच्या जागी तोडलं की एका माणसाची दोन माणसं होतात.

पुस्तकात तीन गोष्टी एकत्र द्या: कागदाचा फोटो, देवनागरी लिप्यंतर आणि आजच्या मराठीत अर्थ. लिप्यंतरात मूळचं शुद्धलेखन सुधारू नका. फाटलेल्या जागी टिंबं, अंदाजाने वाचलेलं चौकटी कंसात. मोडीचे वर्ग पुरालेखागारं आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ वेळोवेळी घेतात. मोडीला २०१४ पासून युनिकोडमध्ये (संगणकावरच्या लिप्यांच्या प्रमाणित संकेतांत) जागा आहे, म्हणून मूळ लिपीतला मजकूरही आता टंकित करून छापता येतो.

४. कागदावरच्या तारखा इसवी सनात कशा आणायच्या?

गावच्या इतिहासांत सर्वांत जास्त चुका इथं होतात, म्हणून सविस्तर.

शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं. त्यात ७८ मिळवा. तिथी पौष, माघ किंवा फाल्गुनातली असेल तर बहुधा ७९, कारण तोवर जानेवारी उलटलेला असतो. शके १६९० चा चैत्र म्हणजे १७६८, फाल्गुन म्हणजे १७६९. पौषातली तिथी डिसेंबरातही पडू शकते, तेव्हा जंत्री (तिथी आणि इसवी तारखांचं कोष्टक) पाहिल्याशिवाय वर्ष लिहू नका.

मराठी दफ्तरात शुहूर सन फार येतो आणि तो अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिलेला असतो. ‘तिसा सितैन मया व अलफ’ म्हणजे ९, ६०, १०० आणि १००० यांची बेरीज, ११६९. त्यात ५९९ मिळवले की १७६८. हे वर्ष मृगाच्या सुमारास, मेअखेर-जूनमध्ये बदलतं, म्हणून जानेवारी ते मेमधल्या कागदासाठी ६०० मिळवायचे. आपल्याकडच्या फसली सनात (शेतसाऱ्याचं वर्ष) ५९० किंवा ५९१ मिळवतात. फसली आणि शुहूर यांच्यात नेहमी ९ चा फरक असतो. म्हणजे शके १६९०, शुहूर ११६९ आणि फसली ११७८ हे ढोबळमानाने एकच वर्ष. एकाच कागदावर दोन सन असतील तर या हिशेबाने ताळा करा. जमला नाही तर आकडा चुकीचा वाचला गेला आहे किंवा कागद नंतरची नक्कल आहे.

‘छ ५ रबिलावल’ असं दिसलं तर ‘छ’ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तारीख. इथं वर्ष शुहूर आणि महिना हिजरी अशी जोड असते. इंग्रजी कागदात सप्टेंबर १७५२ च्या आधीची तारीख जुन्या पंचांगाची असते. अठराव्या शतकात ती आजच्या गणनेपेक्षा अकरा दिवस मागे आहे. पोर्तुगीज कागद मात्र तोवर नव्या गणनेत आलेले होते, म्हणून एकाच लढाईच्या इंग्रजी आणि पोर्तुगीज तारखा जुळत नाहीत.

पुस्तकात मूळ तारीख आणि रूपांतर दोन्ही छापा. रूपांतर चुकलं असेल तर पुढचा माणूस दुरुस्त करू शकेल.

५. गावातल्या आख्यायिका छापाव्यात का?

जरूर छापाव्यात, पण आख्यायिका म्हणूनच. सांगणाऱ्याचं नाव (परवानगी असेल तर), अंदाजे वय, वाडी, कोणाकडून ऐकलं आणि कधी नोंदवलं, एवढं द्या. एकाच गोष्टीची दोन रूपं मिळाली तर दोन्ही द्या. गावाच्या नावाच्या कथा, देवीचं ठाणं हलल्याच्या गोष्टी, जात्यावरच्या ओव्या हे सगळं इतिहासाचं साधन आहे. सनद मिळाली नाही म्हणून ते गाळणं नुकसानीचं आहे, कारण बायकांचा इतिहास बहुतेक तिथंच सापडतो.

६. आमचं देऊळ हेमाडपंती आहे असं सगळे म्हणतात. तसंच लिहू का?

दगडावर दगड रचलेलं प्रत्येक जुनं देऊळ आपल्याकडे हेमाडपंती ठरतं. हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, यादवांचा मंत्री होता, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात. अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे इ. स. १०६०, त्याच्या दोनशे वर्षं आधी. तेव्हा देवळाचं वर्णन लिहा: तलविन्यास (देवळाचा जमिनीवरचा आराखडा), खांबांचे प्रकार, द्वारशाखा (दाराची कोरीव चौकट), शिखर मूळचं की नंतरचं. काळ मंदिरस्थापत्याच्या जाणकाराने सांगितला तरच द्या, तोही शतकाच्या अंदाजात.

वीरगळ आणि सतीशिळांचंही तसंच. लेख नसेल तर वर्ष सांगता येत नाही. ‘पानिपतावर पडलेल्या वीराचा’ असं गावात म्हणतात, तर ‘गावात असं म्हणतात’ हेच लिहा.

लेख वाचण्यासाठी दगडावर खडू, तेल, शेंदूर काही चोळू नका. अंधार पडल्यावर विजेरी दगडाच्या कडेला, पृष्ठभागाशी अगदी तिरकी धरा आणि चारही बाजूंनी एकेक फोटो घ्या. सपाट उन्हात न दिसणारी अक्षरं सावलीमुळे उठून येतात. शेजारी मोजपट्टी ठेवायला विसरू नका.

७. जुन्या पुस्तकातला मजकूर घेतला तर चालतो का?

कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क टिकतो. १९६५ मध्ये किंवा त्याआधी वारलेल्या लेखकांचं लेखन २०२६ पासून मोकळं आहे. निनावी लेखन आणि सरकारी प्रकाशनं यांची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात, म्हणून १९६५ पर्यंतची सरकारी गॅझेटिअर मोकळी झाली आहेत. मूळ पुस्तक मोकळं असलं तरी त्याच्या नव्या आवृत्तीची प्रस्तावना, टिपा आणि भाषांतर यांचे हक्क वेगळे असतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

‘दहा ओळींपर्यंत चालतं’ असा नियम कायद्यात नाही. समीक्षेसाठी किंवा अभ्यासासाठी, गरजेपुरता, लेखक आणि ग्रंथाचं नाव देऊन घेतलेला उतारा चालतो. पूर्ण प्रकरण उचललं तर नाव देऊनही चालत नाही.

८. जुन्या फोटोंचा हक्क कोणाकडे असतो?

पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याकडे असतो. म्हणजे आजोबांच्या लग्नाच्या फोटोला त्या कुटुंबाची लेखी संमती पुरते. कोणी हौसेने काढलेला फोटो मात्र काढणाऱ्याचा. इंटरनेटवर सापडलेला फोटो ‘सौजन्य: इंटरनेट’ लिहून वापरता येत नाही.

फोटोखाली चार गोष्टी द्या: कोण किंवा काय, कुठं, साधारण कधी, कोणाच्या संग्रहातून. घोळक्याच्या फोटोत डावीकडून नावं लिहा आणि ओळखू न आलेल्याच्या जागी ‘अनोळखी’ लिहा. ती जागा गाळली की पुढची सगळी नावं एकेक घर सरकतात.

९. मजकूर कुठल्या फाँटमध्ये टाइप करावा? छापखाना श्रीलिपी मागतो.

तुमची मूळ प्रत युनिकोडमध्येच ठेवा. छापखान्याला हवं तर त्याने रूपांतर करावं. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधून केलेली पीडीएफ कागदावर उत्तम दिसते, पण तिच्यात शब्द शोधता येत नाही आणि नक्कल केली की भलतीच अक्षरं येतात. इतिहासाच्या पुस्तकात गावांची आणि माणसांची नावं शोधता येणं हाच अर्धा उपयोग आहे (प्रश्न १५ पाहा).

रूपांतरानंतर तीन ठिकाणी हमखास बिघडतं. रफार एक अक्षर पुढे-मागे होतो, ‘ऱ्य’ चा ‘र्य’ होतो (‘दुसऱ्या’ तपासा) आणि जोडाक्षरं सुटतात. त्यातही ‘दुसऱ्या’ मधला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवला जातो. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा सुटतो. शोधा-बदला करून एकच तऱ्हा ठेवा. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडा, नाहीतर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येऊ शकतात. अंतिम मुद्रितं (छपाईपूर्वी तपासायच्या प्रती) कागदावर काढून तपासा, आणि एकदा फक्त नावं व आकडे वाचण्यासाठी वेगळी फेरी करा.

१०. आकार, कागद आणि प्रती किती ठेवाव्यात?

डेमी १/८, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच, हा आकार सोयीचा. मोठे नकाशे किंवा वंशवृक्ष असतील तर मोठा आकार घ्या. आतला कागद ७० किंवा ८० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम) मॅपलिथो, मुखपृष्ठ ३०० जीएसएमचं आर्ट कार्ड. पानांची संख्या १६ च्या पटीत आणा: १६० पानं म्हणजे सोळा-सोळा पानांचे १० फॉर्म. मजकूर १६३ पानांवर गेला तर तीन पानांसाठी वेगळा तुकडा चढवावा लागतो. प्रकरणांची सुरुवात आणि फोटोंचे आकार हलवून ती आटवता येतात. रंगीत फोटो सगळ्या पुस्तकात विखुरण्यापेक्षा आर्ट पेपरवर आठ किंवा सोळा पानांचा एक गठ्ठा करा. खर्च बराच उतरतो.

फोटोचा हिशेब सोपा आहे. छापताना इंचाला ३०० बिंदू लागतात, म्हणजे पाच इंच रुंदीसाठी १५०० बिंदू. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबला जातो, म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. मजकूर निव्वळ काळ्या शाईत ठेवा. चार रंगांच्या मिश्रणातून काळा केला तर प्लेट केसभर सरकली तरी मात्रा आणि रफाराला रंगीत कड दिसते.

तीनशेच्या आत प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई बहुधा परवडते, पाचशेच्या पुढे ऑफसेट. नेमकी सीमा पानांवर ठरते, दोन्हींचे दर मागवा. ‘हजार छापल्या तर प्रत स्वस्त पडते’ हे खरं असलं, तरी उरलेल्या सहाशे प्रती माळ्यावर कसर खाते. गावाचा उंबरा मोजा, बाहेरगावी गेलेली घरं मिळवा, ग्रंथालयांच्या प्रती धरा आणि मग आकडा ठरवा. बांधणी शिलाईची घ्या. नुसत्या गोंदाची पुस्तकं ग्रंथालयात सुटतात.

११. आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) लागतोच का? कसा मिळतो?

कायद्याने सक्ती नाही, पण ग्रंथालयं, विक्रेते आणि विद्यापीठं तो बघतात. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी देते, ऑनलाइन अर्ज करायचा आणि शुल्क नाही. लेखक स्वतः प्रकाशक असेल तरी मिळतो. म्हणून आयएसबीएनसाठी वेगळे पैसे मागणाऱ्याला कशाचे ते विचारा. शीर्षक आणि शीर्षकपान पक्कं झालं की लगेच अर्ज करा. प्रकाशन समारंभाची तारीख जाहीर करून मग अर्ज करणाऱ्यांची फार ओढाताण होते.

पुठ्ठा बांधणी, साधी बांधणी आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात. तीच आवृत्ती पुन्हा छापली तर जुनाच चालतो, मजकूर लक्षणीय बदलला तर नवा. या क्रमांकाने लेखनाचा हक्क सिद्ध होत नाही. हक्क लिहिल्याबरोबरच लेखकाला मिळतो, आणि कॉपीराइट नोंदणी ऐच्छिक आहे.

१२. प्रकाशक करार देतो आहे. काय बघावं?

हक्क देणं लेखीच लागतं. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणून ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ हे वाक्य दिसलं तर सही करण्याआधी थांबा. प्रती किती छापणार, लेखकाला किती मिळणार, मांडणीची मूळ फाइल कोणाकडे राहणार आणि पुस्तक संपल्यावर ते पुन्हा छापलं नाही तर हक्क कधी परत येणार, एवढं स्पष्ट हवं. खर्च तुम्हीच देत असाल तर उरलेल्या प्रती आणि फाइल तुमच्याच. तेही लिहून घ्या.

१३. पुस्तक छापल्यावर सरकारला प्रती द्याव्या लागतात का?

हो. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रकाशनापासून ३० दिवसांत, स्वखर्चाने एकेक प्रत चार ठिकाणी पाठवायची: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईच्या टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. स्वतः छापणारा लेखकही इथं प्रकाशकच. राष्ट्रीय ग्रंथालयाची प्रत नकाशा-चित्रांसह पूर्ण आणि उत्तम कागदावरची हवी.

पुष्कळ लोक हे टाळतात, कारण दंड नाममात्र आहे. तसं करू नका. गावातल्या प्रती वाळवी, पूर आणि घरबांधणीत जातात, पण राष्ट्रीय ग्रंथालयातली प्रत नातवंडांनाही सापडेल. शिवाय जिल्हा ग्रंथालय, जवळचं विद्यापीठ, भारत इतिहास संशोधक मंडळ आणि ज्या पुरालेखागारातून कागद मिळाले तिथं एकेक द्या.

१८६७ च्या जुन्या कायद्याच्या जागी मार्च २०२४ पासून आलेल्या कायद्यात पुस्तकांची नोंदणी उरलेली नाही. तरी मुद्रक, प्रकाशक, पत्ता, आवृत्ती आणि वर्ष छापा. वर्ष नसलेलं पुस्तक संदर्भासाठी अर्धं निकामी होतं.

१४. किंमत काय ठेवावी आणि विकावं कसं?

विक्रेता साधारण छापील किमतीचा तिसरा हिस्सा घेतो, वितरकामार्फत गेलं तर निम्म्यापर्यंत जातं. प्रतीचा खर्च १२० रुपये असेल तर किंमत ३०० च्या आसपास ठेवावी लागते. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, पण छपाईच्या बिलावर असतो आणि तो परत मिळत नाही. तो खर्चातच धरा. पुस्तकांसाठी स्वस्त असलेली नोंदणीकृत बुक पोस्टाची सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, तेव्हा टपालखर्च आजच्या दराने मोजा.

गावची जत्रा हा सर्वांत चांगला विक्रीचा दिवस, कारण मुंबई-पुण्याची माणसं त्या दिवशी गावात असतात. प्रकाशन त्याच्या आधी उरका. छपाईपूर्वी सवलतीत नोंदणी घेतली तर प्रतींचा आकडाही कळतो. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली हजारो मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. ग्रंथालय संचालनालय आदल्या वर्षीच्या प्रकाशनांतून शासनमान्य यादी करतं. त्यासाठी प्रत मुदतीत पाठवा.

१५. पीडीएफ फुकट दिली तर छापील पुस्तक कोण घेईल?

गावच्या इतिहासाचा छापील ग्राहक मर्यादित असतो आणि पहिल्या वर्षातच घेऊन मोकळा होतो. त्यानंतर पुस्तक शोधणारा असतो अभ्यासक किंवा परदेशात वाढलेला तिसऱ्या पिढीतला मुलगा. त्यांच्यापर्यंत कागद पोचत नाही. म्हणून आमचा सल्ला: पहिल्या प्रती संपल्या किंवा वर्ष उलटलं की पीडीएफ खुली करा.

नुसती व्हॉट्सॲपवर सोडू नका. इंटरनेट अर्काइव्हवर चढवा, शीर्षक-लेखक-वर्ष-गाव-तालुका-जिल्हा देवनागरी आणि रोमन दोन्हींत भरा. मराठी विकिस्रोतावर (मोकळ्या पुस्तकांचं ऑनलाइन ग्रंथालय) हवं असेल तर ‘नाव द्या, त्याच अटींवर वाटा’ हा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना लागतो. ‘व्यापारी वापर नको’ ही अट तिथं चालत नाही. परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही. इतरांकडून संमतीने घेतलेले फोटो त्यात आपोआप येत नाहीत, त्यासाठी संमतिपत्रातच ‘छापील व डिजिटल, खुल्या परवान्यासह’ असं लिहून घ्या.

जुनं, मोकळं झालेलं पुस्तक (प्रश्न ७) स्कॅन करत असाल तर ३०० डीपीआय (इंचाला बिंदू) किमान, नकाशे आणि हस्तलिखितं ६००. मूळ चित्रं वेगळी जपा, पीडीएफ त्यांवरून बनवा.

१६. समितीने पुस्तक काढलं. हक्क कोणाचा?

लिहिणाऱ्याचा, जोवर लेखी वेगळं ठरलेलं नाही. ‘ग्रामस्थ मंडळ’ असं नाव मुखपृष्ठावर घातल्याने हक्क मंडळाकडे जात नाही. ग्रामपंचायतीच्या देखरेखीखाली आणि तिच्या पैशातून काम झालं तर पंचायत हक्क सांगू शकते. पहिल्याच बैठकीत एका कागदावर ठरवा: हक्क कोणाकडे, दुसऱ्या आवृत्तीचा निर्णय कोण घेणार, उरलेले पैसे कुठं जाणार. समितीतली दोन माणसं बदलली की ही गोष्ट तोंडी आठवणीवर चालत नाही.

१७. वंशावळीत जिवंत माणसांची माहिती द्यावी का? मुली गाळल्या जातात, त्याचं काय?

जिवंत माणसाचं नाव आणि नातं पुरे. जन्मतारीख, पत्ता, मोबाइल, आजार, घटस्फोट, दत्तकविधान यांसाठी त्या व्यक्तीची लेखी संमती घ्या, घरच्या कर्त्याची नव्हे. पीडीएफ खुली होणार असेल तर हे दुप्पट काटेकोर पाळा.

मुली आणि सुना गाळू नका. जुन्या कुलवृत्तांतांत ‘कन्या दोन’ एवढाच उल्लेख सापडतो आणि अर्धं घराणं नाहीसं होतं. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं आणि गावं द्या. कोणाशी कोणत्या गावचे संबंध होते, हा सामाजिक इतिहास त्यातूनच कळतो.

१८. पाटीलकीवर दोन घराणी हक्क सांगतात. कोणाचं खरं लिहावं?

दोघांचे कागद छापा, लिप्यंतरासह (प्रश्न ३), आणि कोणत्या साली कोणाचं नाव कुठं येतं तेवढंच सांगा. वतनं कायद्याने गेली, तरी मानपानाचे प्रश्न जत्रेत अजून उभे राहतात, तेव्हा निवाडा देण्याचा मोह टाळा. महजर (साक्षीदारांसमोर झालेल्या निवाड्याचा कागद) असेल तर त्यावरच्या साक्षीदारांची नावं सगळी द्या. बारा बलुतेदारांची नावं बहुधा तिथंच सापडतात.

मृत व्यक्तीबद्दलचं लेखनही, हयात असती तर तिच्या नावाला बट्टा लागला असता आणि वारसांच्या भावना दुखावण्याचा हेतू दिसला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामी ठरू शकतं. फितुरी, चोरी, व्यभिचार असे शब्द कागदात आहेत तसे अवतरणात, संदर्भासह द्या, स्वतःची विशेषणं जोडू नका. एखाद्या जातीवर अन्याय झाल्याची नोंद सापडली तर ती वाद नको म्हणून गाळूही नका. पुरावा असेल तर छापा.

१९. शेतात ताम्रपट सापडला आहे. किंवा: घरची जुनी पोथी अमेरिकेतल्या भावाकडे पाठवायची आहे. चालेल?

जमिनीत सापडलेल्या वस्तूची खबर आधी तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी. ताम्रपट घासून ‘चकचकीत’ करू नका, अक्षरं त्यातच जातात. मोजमाप, वजन आणि दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, आणि नेमकं ठिकाण पुस्तकात छापू नका.

पोथी पाठवता येणार नाही. १९७२ च्या कायद्याप्रमाणे ७५ वर्षांहून जुनं, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेलं हस्तलिखित पुरावस्तू धरलं जातं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही, घरचं असलं तरी. भावाला ६०० डीपीआयचे स्कॅन पाठवा. मूळ पोथी घरी नीट राहणार नसेल तर हस्तलिखितं जपणाऱ्या संस्थेला द्या आणि देताना पानांची संख्या लिहिलेली पावती घ्या.

२०. छापून झाल्यावर चूक सापडली. आता?

विकल्या न गेलेल्या प्रतींत शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवा. सुटी ठेवली तर पडते. पीडीएफमध्ये मजकूर थेट दुरुस्त करा, पण पहिल्या पानावर ‘दुरुस्त प्रत’ आणि तारीख घाला, नाहीतर दोन वेगळ्या पानांचे संदर्भ फिरू लागतात. प्रश्न १३ मधल्या ठिकाणीही शुद्धिपत्र टपालाने पाठवा. नाव किंवा नातं चुकलं असेल तर त्या घरी स्वतः जाऊन सांगा आणि दुरुस्ती साधनवहीत नोंदवा.